केमोच्या आधीची तयारी, आणि थर्मामीटर

काल रात्री धाकट्या मामेबहिणीशी चाळीस मिनिटं फोनवर बोलले. सोमवारी तिची पहिली केमो. 'ताई, काय काय तयारी करू?' म्हणाली, आणि मी सुटले. टोप्या, डबे, फायली, चालणं, कोणाला घरात घ्यायचं आणि कोणाला दारातूनच चहा पाजून परत पाठवायचं. फोन ठेवला, झाकपाक केली, दिवा मालवला आणि अंधारात आठवलं की थर्मामीटर सांगायचं राहिलं. पुन्हा. माझ्या वेळी जी गोष्ट राहिली म्हणून मी पाच दिवस ॲडमिट होते, नेमकी तीच. म्हणून आता लिहूनच काढते. तिच्यासाठी, आणि जिच्या-ज्याच्या घरी हे सुरू होणार आहे त्यांच्यासाठी.

माझा स्तनाचा कॅन्सर होता. आधी ऑपरेशन, मग २१ दिवसांच्या अंतराने ४ केमो, त्यानंतर दर आठवड्याला एक अशा १२. तुमची औषधं वेगळी असतील. इथे लिहिलेलं आणि तुमच्या डॉक्टरांनी दिलेला कागद जुळत नसेल तर कागद खरा. आणि तो कागद वाचा. मी न वाचता फाईलला लावला होता.

तर पहिली वस्तू: थर्मामीटर. डिजिटल, नवा सेल घातलेला, रात्री हात लांब केला की सापडेल असा. घरात 'कुठेतरी आहे' तो चालत नाही. आमच्याकडेही कुठेतरी होता. दुसऱ्या केमोनंतरचा दहावा दिवस. सकाळी मी सोसायटीला दहा फेऱ्या मारल्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून 'वा, किती पॉझिटिव्ह आहात' ऐकून घेतलं होतं. संध्याकाळी कणकण आली. पाऱ्याचा थर्मामीटर कधीच फुटलेला, डिजिटल मुलाच्या कंपासपेटीत निघाला, बटण दाबलं तर ढिम्म. ह्यांनी कपाळाला हात लावला, म्हणाले, 'थोडं कोमट लागतंय.' मी पॅरासिटामॉल घेतली आणि झोपले. दवाखान्याला फोन करणं मला घाबरटपणाचं वाटलं. मी तर खंबीर होते ना! पहाटे चारला अशी हुडहुडी भरली की पलंग भिंतीवर आपटत होता. साताऱ्याहून पुण्याला पोचेपर्यंत उजाडलं. पांढऱ्या पेशी ७००. साधारण माणसाच्या चार हजारांच्या वर असतात. पाच दिवस सलाईन आणि अँटिबायोटिक, तिसरी केमो दहा दिवस पुढे. चूक सगळी माझी. कागदावर तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं: ताप १००.४ किंवा जास्त असल्यास ताबडतोब फोन करा, रात्र असली तरी.

कारण समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. केमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते, त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशीही जातात. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्या सगळ्यांत खाली असतात. तेव्हा जंतुसंसर्ग झाला तर बहुतेकदा ना पू दिसतो, ना सूज. ताप ही पुष्कळदा एकच खूण, आणि तीही आपण पॅरासिटामॉलने पुसून टाकतो. म्हणून आधी मोजायचं, मग फोन, गोळी ते सांगतील तेव्हा. फोनवर पहिलं वाक्य 'केमो चालू आहे' हे, नाव-गाव नंतर. अशा तापात तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं असतं, सकाळची वाट बघायची नसते. काखेत मोजलं तर तोंडापेक्षा अर्धा-एक डिग्री कमी दिसतं, हे धरून चाला. तोंडात मोजायचं तर गरम चहानंतर अर्धा तास थांबा. थंडी वाजून हुडहुडी भरली असेल तर आकडा काहीही येवो, फोन करा. आणि रात्री चालणारा नंबर कोणता ते आजच विचारून फ्रिजवर चिकटवा. ओपीडीचा नंबर रात्री नुसता वाजत राहतो.

कपडे, टॉवेल, पाण्याची बाटली, चार्जर हे मी सांगायला नको. पुढची बटणं असलेला ढगळ कुडता घ्या, सुई लावायला बरा पडतो. अंगठ्या-बांगड्या घरी. केस पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर दिसू लागतात. आधीच बारीक कापून घ्या, मुठी-मुठीने हातात येताना बघण्यापेक्षा ते सोपं. विगवर मी पैसे घालवले आणि तो दोनदा घातला. मऊ सुती स्कार्फ चार पुरतात.

आता कॅलेंडर. भिंतीवरचं कालनिर्णय घ्या आणि प्रत्येक केमोला पहिला दिवस धरून आकडे टाका. पहिले दोन दिवस केमोबरोबर दिलेल्या स्टिरॉइडमुळे खोटी ताकद असते. मी रात्री दोन वाजता माळा आवरायला घेतला होता. ती ताकद खरी समजून कामं काढू नका. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी माणूस जमिनीला लागतं. सातव्या ते चौदाव्याभोवती लाल पेनाने गोल करा, त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर, बरं वाटत असलं तरी. शेवटचा आठवडा तुमचा. लग्नाला तोंड दाखवणं, बँक, पार्लर, भाजीबाजार, सगळं त्यात बसवा.

चालण्याबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. आमच्या आत्याबाई म्हणायच्या, 'अंथरुणातून उठू नकोस.' शेजारी म्हणायचे, 'रोज पाच किलोमीटर मार.' उपचार चालू असतानाही नियमित चालणं आणि ताकदीचे हलके व्यायाम करावेत, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत घातलं. या थकव्याचं विचित्र असं की नुसतं पडून राहिलं तर तो वाढतो. पण किती चालायचं हे चांगल्या दिवशी ठरवू नका. वाईट दिवसाचं माप आधी ठरवा. माझं माप होतं पलंग ते तुळस आणि परत, तीन वेळा. बस. ते झालं की त्या दिवसाची रेघ वहीत मारायची. चौथ्या दिवशी डोकं चालत नाही, तेव्हा विचार करावा लागू नये म्हणून हे आधी. ताप असेल (मोजलाय ना?), छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट फार खाली गेल्या असं सांगितलं असेल, तर त्या दिवशी चालणं नाही आणि त्याची खंतही नाही.

ऑपरेशन झालेल्यांसाठी अजून एक. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी हात वर चढवायचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. मी स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या भिंतीवर रोज जिथवर बोट पोचेल तिथे पेन्सिलीची रेघ मारायचे, शेजारी तारीख. पहिली रेघ मिसळणाच्या डब्याच्या फळीखाली होती. महिनाभर ती फळी ओलांडेना, मग एका गुरुवारी मधलं बोट कालनिर्णयच्या खिळ्याला लागलं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी हात तसाच ठेवून उभी होते. रंगारी आला तेव्हा तेवढी भिंत मी रंगवू दिली नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील त्या हाताला सुई आणि बीपीचा पट्टा नको म्हणून सांगायचं, दर वेळी नव्या सिस्टरला, न लाजता.

प्रवास. उलटीची गोळी उलटी यायच्या आधी घ्यायची असते, झाल्यावर नाही. हे कितीदा सांगितलं तरी लोक 'आज बरं वाटतंय' म्हणून टाळतात. आमचा तेव्हा पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट. म्हणजे नेमकं केमो झाल्यावर वळणं. पुढच्या सीटवर बसा, प्लास्टिकची पिशवी मांडीवर, आल्याची वडी तोंडात. केमोचं औषध लाल रंगाचं असेल तर एक-दोन दिवस लघवी लाल होते, ते औषधाचा रंग असतो. मला कोणीतरी सांगितलं होतं म्हणून मी किंचाळले नाही. पहिले ४८ तास कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करा, औषध अंगातून बाहेर पडत असतं.

टाटाला जाणाऱ्यांनी रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलकडून आधीच भरून घ्यावा. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांनाही बसता येतं, तिथे कोणी डोळे वटारले तर फाईल दाखवा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचं असेल तर आयत्या वेळी बॅग घेऊन उभं राहू नका, आधी चौकशी करा. रेशनकार्ड, आधार आणि सगळ्या रिपोर्टांच्या झेरॉक्सचे तीन संच ठेवा. महात्मा फुले योजनेचं काउंटर पहिल्याच दिवशी गाठा.

खाणं. तोंड आलं की भाकरीचा पापुद्राही टोचतो. मऊ भात, मेतकूट, तूप, मुगाचं कढण, कोमट खीर. स्टीलचा चमचा धातूसारखा लागायला लागला तर लाकडी घ्या. मीठ-खायचा सोडा घातलेल्या पाण्याने दिवसातून चार-पाचदा चुळा, मऊ ब्रश. लाल गोलाच्या दिवसांत उघड्यावरची कापलेली फळं, पाणीपुरी, कच्ची कोशिंबीर नको. गोमूत्र, गव्हांकुर, कसले कसले काढे घेऊन येणारे नातेवाईक येतीलच. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीही पोटात घालायचं नाही, 'नैसर्गिक आहे' म्हटलं तरी नाही. धोतराही नैसर्गिकच आहे.

आता माणसं, म्हणजे पॉझिटिव्हिटी. फोन घेणारं एक माणूस नेमा. आमच्याकडे भाची होती. 'मामी झोपलीये' हे ती इतक्या गोड आवाजात सांगायची की समोरच्याला रागही येत नसे. 'आमच्या साडूंच्या बहिणीला हाच होता, गेली बिचारी' छापाचे फोन तिच्याजवळच थांबायचे. सर्दी-खोकला असलेल्यांना दारातून नमस्कार, सख्खा भाऊ असला तरी. एक माणूस असं हवं की ज्याच्यासमोर हमसून रडता येईल आणि ते 'असं बोलू नये' म्हणणार नाही. माझी अशी मैत्रीण पलंगाच्या पायथ्याशी बसून नुसत्या शेंगा सोलायची.

'मन खंबीर असेल तर कॅन्सर पळतो' म्हणणाऱ्यांचं ऐकून स्वतःला छळू नका. डोकं-मानेच्या कॅन्सरच्या हजाराहून जास्त रुग्णांवरचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात मनःस्थिती कशी आहे यावरून कोण किती जगेल हे ठरलं नाही. मला ते वाचून केवढं हायसं वाटलं! म्हणजे एखाद्या मंगळवारी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले तर माझी गाठ त्यामुळे वाढत नव्हती. मन बरं राहावं ते दिवस बरा जावा म्हणून. त्यासाठी हाताला काम ठेवा: क्रोशा, शब्दकोडं, मेथी निवडणं. मी नातवाची गोधडी घेतली, ती अजून अर्धीच आहे. पण रडू थांबतच नाही, झोप-भूक उडाली, असं आठ-पंधरा दिवस चाललं तर तेही डॉक्टरांना सांगायचं असतं. तापासारखंच. आणि ताप लपवणं म्हणजे पॉझिटिव्ह राहणं नव्हे. मी तेच करून बसले म्हणून सांगते. मोजा.

पुढच्या आठवडी केमोत उलट्यांचा त्रास तितका नाही, पण बोटांना मुंग्या येतात, ब्लाउजचे हूक लागत नाहीत. हे लगेच सांगा, डोस बदलता येतो. अनवाणी फिरू नका, देवळाच्या तापलेल्या फरशीवर तर नाहीच. तळव्याला कळत नाही आणि फोड येतो.

रेडिएशन: ढगळ सुती कपडे, अंगावरच्या खुणा घासायच्या नाहीत, विचारल्याशिवाय क्रीम-पावडर नाही, रोजची ये-जा असते म्हणून गाडीची सोय आधी. थकवा शेवटी शेवटी येतो. चालणं चालू ठेवा, तुळशीपर्यंत तर तुळशीपर्यंत.

त्यापुढच्या गोळ्यांचं आणि तपासण्यांचं नंतर कधीतरी, आता बोटं दुखायला लागली.

सकाळी मामेबहिणीला मेसेज टाकला. तिचा थर्मामीटरच्या खोक्याचा फोटो आला, वर प्लास्टिक तसंच, खाली 'ताई, घेतला गं.' मी लगेच फोन लावला. म्हटलं, अगं, खोक्यातून काढ, सेलवरची पट्टी ओढ, काखेत लाव आणि वाजला की आकडा सांग. मी थांबते.

वाजला. ९७.८. म्हटलं, वहीत लिही.