स्पोकचं चाक घरी बांधताय? या चुका टाळा

माझी जुनी स्टँडर्ड ३५० बुलेट. दोन्ही चाकं १९ इंची, एका चाकात ४० स्पोक. पुढची रिम गंजून भोकांपाशी फुगली होती, म्हणून नवी रिम आणि स्पोकचा सेट आणला. निपल, म्हणजे स्पोकला रिममध्ये आवळून धरणारे छोटे नट, जाम झाले होते. ग्राइंडर घेतला आणि सगळे स्पोक कापून तासाभरात हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, मोकळा केला. दुसऱ्या दिवशी नवी रिम हातात घेतली तेव्हा लक्षात आलं, की जुनी रिम हबच्या नेमकी किती डावीउजवीकडे होती, हे सांगणारं आता काहीच उरलेलं नाही.

घरी चाक बांधणाऱ्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पुढच्या हबला एका बाजूला ब्रेक ड्रम असतो, मागे स्प्रॉकेटही (साखळीचं दातेरी चक्र) येतो, त्यामुळे रिम हबच्या बरोबर मध्यावर असेलच असं नाही. या सरकलेपणाला ऑफसेट म्हणतात. जुनं चाक खोलण्याआधी ड्रमच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टेका आणि तिथून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर चार ठिकाणी मोजून भिंतीवर लिहून ठेवा. कागद हरवतो. रिम वाकडी असेल तर चारही आकडे वेगळे येतील, त्यांची सरासरी धरा. दोन्ही बाजूंनी फोटो काढा. व्हॉल्व्हच्या भोकाशेजारचे स्पोक कोणत्या दिशेला जातात ते फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे. हे झालं की मग खुशाल ग्राइंडर चालवा.

मोजमाप चुकलं तर गंमत अशी होते, की चाक स्टँडवर सुरेख सरळ फिरतं, पण गाडीत बसवल्यावर दोन्ही चाकं एका रेषेत नसतात. मग गाडी एका अंगाला ओढते आणि दोष हँडलच्या बेअरिंगला लागतो.

आता स्पोक भरणं. सेटमध्ये आतले आणि बाहेरचे असे दोन प्रकारचे स्पोक असतात, त्यांच्या मानेचा बाक वेगळा असतो. काही हबमध्ये दोन्ही बाजूंची लांबीही वेगळी असते. ढीग करण्याआधी बाक जुळवून गठ्ठे वेगळे करा आणि आतले आधी भरा. बाहेरचे आधी भरले तर आतल्यांना वाट मिळत नाही. रिमची भोकंही सरळ पाडलेली नसतात. प्रत्येक भोक एका ठरावीक बाजूला आणि कोनात कललेलं असतं. निपल भोकात घालून बघा, तो ज्या दिशेला तोंड करतो तिकडेच त्याचा स्पोक जायला हवा. जबरदस्तीने दुसरीकडे वळवलेला स्पोक निपलच्या तोंडाशी वाकतो आणि काही महिन्यांनी तिथेच, आट्यांवर तुटतो. याच कारणाने पुढची रिम मागच्या हबवर चालवू नका. भोकांची संख्या जुळली तरी कोन जुळेलच असं नाही.

आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका. स्टेनलेस स्पोकवर स्टेनलेस निपल कोरडा फिरवला तर आटे एकमेकांना धरून बसतात, मग पाना फिरतो आणि स्पोकच पिळला जातो.

आउट, म्हणजे फिरताना रिमचं डावीउजवीकडे डोलणं किंवा वरखाली उडणं, काढणं हा खरा धीराचा भाग. मी सांगलीत ज्या मिस्त्रींकडे हे शिकलो, ते पाना हातात देण्याआधी चाक धरून हलवायला लावायचे. "आधी बेअरिंग बघ, मग तारेला हात लाव." तार म्हणजे स्पोक. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर दिवसभर आउट काढा, निघणार नाही.

बहुतेक जण डोलणाऱ्या जागी फक्त आवळत जातात. रिम उजवीकडे आली की डावे स्पोक आवळायचे, पुढच्या फेरीत डावीकडे गेली की उजवे. तीनचार फेऱ्यांत सगळं चाक दगडासारखं होतं, निपलची चौकट झिजते आणि आउट तसाच राहतो. रिम उजवीकडे असेल तर तिथले उजवे स्पोक पाव फेरी सैल करा आणि डावे तेवढेच आवळा. वरखाली उडी असेल तर रिम जिथे हबपासून लांब आहे तिथले दोन्ही बाजूंचे स्पोक आवळा. जवळ आलेल्या जागी सैल करा. ही उडी आधी काढा, डावीउजवीकडचा आउट नंतर. गाडीच्या फोर्कमध्येच (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत) चाक अडकवून फोर्कला बांधलेली प्लास्टिकची पट्टी रिमजवळ आणली तरी काम होतं. अनेक मॅन्युअलमध्ये दोन्ही दिशांना २ मिलिमीटर ही कमाल मर्यादा दिलेली असते. घरी १ मिलिमीटरच्या आत आणणं अवघड नाही. स्टीलच्या रिमला वेल्डिंगच्या जोडापाशी बारीक उंचवटा असतो, त्याच्या मागे लागू नका. आणि खड्ड्यात आपटून रिमची कडच दबली असेल, तर स्पोक ओढून ती सरळ होत नाही.

निपल कुठे फिरवायचा, यात हमखास गोंधळ होतो. टायरच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने आवळतो; हबच्या बाजूने पाहाल तेव्हा तेच उलटं दिसतं.

रात्री, रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर, पान्याने प्रत्येक स्पोकवर हलकी टिचकी मारत चाक फिरवा. एका बाजूचे सगळे स्पोक साधारण एकाच सुरात 'टिंग' करायला हवेत. मधेच एखादा 'थप' वाजला तर तो स्पोक काहीच भार घेत नाही आणि त्याचं ओझं शेजाऱ्यांवर आहे. चाक सरळ फिरत असलं तरी मी अशा चाकावर बसत नाही.

टायर चढवण्याआधी निपलवर बोट फिरवा. स्पोकचं टोक वर आलेलं असेल तर कानशीने घासून सपाट करा आणि रिम टेप नवी घाला, नाहीतर ट्यूब आतूनच पंक्चर होते. पहिल्या १०० ते २०० किलोमीटरनंतर स्पोकच्या माना हबमध्ये बसतात आणि ताण थोडा उतरतो, तेव्हा परत टिचकी मारून बघा. तेव्हा कुठला निपल अर्ध्या फेरीहून जास्त फिरवावा लागला, तर आळस न करता टायर उतरवा आणि त्याचं टोक पुन्हा बोटाने तपासा.