पाऊस सुरू व्हायच्या आत पिकअपमधलं ते घसरत्या गाडीचं बटण समजून घ्या

पावसाच्या तोंडावर बियाणं बघून होतं, खत बघून होतं, फवारणीच्या पंपाचं नोझलसुद्धा साफ होतं, पण हे सगळं ज्या फोर व्हील पिकअपमध्ये टाकून शेतात न्यायचंय तिच्या डॅशबोर्डवरचं एक बटण बऱ्याच जणांनी गाडी घेतल्यापासून दाबलेलंच नसतं, नाहीतर कधीतरी दाबलं आणि विसरून गेले असं असतं. गाडीचं चित्र, तिच्यामागे दोन वळवळीत रेघा आणि खाली ऑफ लिहिलेलं, तेच ते बटण. अर्धा तास काढा आणि जमीन कोरडी आहे तोवरच त्याची ओळख करून घ्या, कारण गाडी रुतल्यावर ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढून वाचायला कोणी बसत नाही, तेव्हा प्रत्येक जण फक्त ॲक्सिलेटर दाबतो.

माझंच सांगतो. गाडी नवीन होती, हौद्यात क्रेट भरलेले, आणि ओल्या कडेने एक छोटासा चढ चढायचा होता, तीसेक फुटाचा असेल. वर पोचायला आठ-दहा फूट राहिले आणि गाडीचा जीवच गेला, ॲक्सिलेटर पार तळाला आणि इंजिन नुसतं घुं घुं करतंय, रेस घेईचना. मला वाटलं डिझेल फिल्टर चोकअप झाला, तसंच मागे उतरवलं, फिल्टर बदलला, परत चढावर घातली तर परत तेच. फिल्टर बिचारा चांगला होता. चाकं घसरतायत म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरनेच इंजिनाचा जोर कापलेला, आणि मीटरमध्ये तो पिवळा दिवा सारखा लुकलुकत होता पण माझं लक्ष सगळं चढाकडे.

तर आधी हे डोक्यात पक्कं करा की त्या एका बटणामागे दोन वेगळी कामं आहेत, ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल. लोक दोन्हीला एकच समजतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

ट्रॅक्शन कंट्रोल बघतं की कुठलं चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरतंय. प्रत्येक चाकाजवळ एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) सेन्सर असतोच, त्याच्यावरून त्याला कळतं. मग ते दोन गोष्टी करतं, एकतर इंजिनाचा जोर कमी करतं, नाहीतर फुकट फिरणाऱ्या त्या एकाच चाकाला ब्रेक लावतं. हे ब्रेकचं काय ते जरा नीट समजून घ्या, खरी गंमत त्यातच आहे. साधा डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधला जोर वाटून देणारा गिअरचा गोळा, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. आता डावं चाक चिखलात आहे, त्याला फिरायला काही जोरच लागत नाही, मग उजव्याला पण तेवढाच नगण्य जोर मिळतो आणि ते कडक जमिनीवर असूनही गप्प उभं राहतं, हे दृश्य तुम्ही शंभर वेळा बघितलं असेल. पण त्या डाव्या चाकाला ब्रेकने आवळलं की त्याला फिरवायला जोर लागायला लागतो, आणि तेवढाच जोर उजव्याला जातो, मग गाडी हलते. त्यावेळी खालून कर्र-कर्र, टक-टक असा आवाज येतो, पेडल पण थोडं थरथरतं. काही मोडलेलं नसतं, एबीएसचा पंप आणि व्हॉल्व्ह काम करतायत एवढंच.

स्टॅबिलिटी कंट्रोलचं काम वेगळं. स्टेअरिंग किती वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय ह्याचा मेळ ते बसवतं. वळणावर तोंड बाहेर जायला लागलं तर साधारण आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक, आणि मागचा भाग फिरायला लागला तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक, हे सगळं तुम्हाला कळायच्या आत. १९९५ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉश कंपनीची ही सिस्टीम आली आणि आता साध्या पिकअपपर्यंत पोचलीय. नावं प्रत्येकाची वेगळी, टोयोटा व्हीएससी म्हणते, होंडा व्हीएसए, फोर्ड ॲडव्हान्सट्रॅक, बाकी बरेच जण ईएसपी नाहीतर ईएससी. नावात अडकू नका.

आता बटण. बऱ्याच गाड्यांत एकदा दाबून सोडलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं, स्टॅबिलिटी चालूच राहते. आणि गाडी उभी करून तेच बटण तीनेक सेकंद किंवा जास्त दाबून धरलं की दोन्ही बंद होतात. काही गाड्यांत ठराविक स्पीडच्या वर गेलं की स्टॅबिलिटी आपोआप परत चालू होते, काहींत होत नाही. इंजिन बंद करून परत चालू केलं की जवळजवळ सगळ्याच गाड्या दोन्ही चालू करून घेतात. तुमची गाडी ह्यातलं काय करते ते मोकळ्या जागेत उभं राहून बघा, दाबा, दिवे बघा, मॅन्युअलशी ताडून घ्या. दिव्यांचं गणित सोपं आहे, लुकलुकला म्हणजे सिस्टीम आत्ता काम करतेय, ऑफ असं लिहिलेला दिवा स्थिर पेटला म्हणजे तुम्ही (किंवा गाडीने) बंद केलंय, आणि तुम्ही काही न करता घसरत्या गाडीचा दिवा स्थिर राहिला आणि जोडीला एबीएसचा पण पेटला तर बिघाड आहे, मेकॅनिककडे जायचं.

बंद कधी करायचं? खोल चिखल, नुकतं नांगरलेलं भुसभुशीत रान, कोरडी वाळू. अशा ठिकाणी गाडीला चालता-चालता जोर टिकवायचा असतो, चाक थोडं घसरलंच पाहिजे, टायरच्या नक्षीत भरलेला चिखल फेकला जातो तो चाक फिरल्यामुळेच. तिथे ट्रॅक्शन कंट्रोल मध्येच जोर कापतं, गाडीचा वेग मरतो आणि जिथे वेग मेला तिथेच ती बसते. म्हणून चिखलात शिरायच्या आधी, कडक जमिनीवर असतानाच फोर हाय (चारही चाकांना जोर, नेहमीच्या गतीत) टाका, लागणार असेल तर गाडी उभी करून, गिअर न्यूट्रलला घेऊन फोर लो (चारही चाकांना जोर, पण हळू आणि जास्त ताकदीत) टाका, ट्रॅक्शन बंद करा, दुसरा गिअर धरा आणि एका लयीत निघा, मध्ये गिअर बदलायचा नाही. पण एक लक्षात ठेवा, चाक फिरतंय आणि गाडी पुढे जात नाही असं दिसलं की लगेच पाय काढायचा. अजून दोन सेकंद, अजून दोन सेकंद असं करत करतच गाडी डिफरन्शियलवर टेकते, आणि एकदा पोटावर टेकली की कुठल्याच बटणाचा उपयोग नाही, तिथे फावडं लागतं.

ह्याच्या उलट जागा पण आहेत आणि तिथे लोक सर्रास चुकतात. खाचखळगे, नाल्याचा उतार, बांध तिरका ओलांडताना एक पुढचं आणि त्याच्या तिरकं मागचं चाक उचललं जातं, तिथे ट्रॅक्शन कंट्रोल चालूच पाहिजे, कारण हवेतल्या चाकाला ब्रेक लावणारं तेच आहे. फक्त तिथे धीर लागतो. चाक हवेत फिरायला लागतं, क्षणभर काहीच होत नाही, आणि माणूस नेमका तेव्हाच घाबरून पाय उचलतो. उचलू नका. ॲक्सिलेटर हलकाच पण एकसारखा धरून ठेवा, ब्रेक पकडतो आणि गाडी स्वतःला ओढून घेते. ओल्या गवताच्या उतारावर पण दोन्ही चालू ठेवा, तिथे चाक घसरून फायदा काहीच नाही, गाडी आडवी सरकण्याचा धोका मात्र पुरेपूर. खाली उतरताना हिल डिसेंट (उतारावर गाडीचा वेग आपोआप आवरणारी सोय) असेल तर ते लावा आणि क्लच-ब्रेक दोन्हीवरून पाय बाजूला. एकच, हे ब्रेकवालं ट्रॅक्शन फार वेळ घासत ठेवलं तर ब्रेक तापतात आणि सिस्टीम थोडा वेळ स्वतःच बंद पडते, घाबरू नका, थांबा, गार होऊ द्या.

फोर लो टाकलं की कितीतरी पिकअपमध्ये स्टॅबिलिटी आपोआप बंद होते, मागचा डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच गतीने फिरायला लावणारा) टाकला की स्टॅबिलिटी तर जातेच, काही गाड्यांत एबीएस पण जातं. मीटरमध्ये एकदम तीन-चार दिवे पेटतात आणि नवीन माणूस हबकतो, तो बिघाड नाही, पण त्याचा अर्थ मात्र घ्या, आता ब्रेक दाबला तर चाक लॉक होऊ शकतं. डिफ लॉक अडकायच्या आधी टाकायचा, चाकं सरळ ठेवून, जवळजवळ उभं राहून. चाक जोरात फिरत असताना टाकाल तर आतले दात तुटतील. आणि लॉक असताना गाडी वळायला मागत नाही, सरळच ओढते, अरुंद बांधावर हे विसरलात तर थेट बाजूच्या चारीत.

थोडं बटणाच्या बाहेरचं पण बोलतो, कारण शेवटी आपण शेतकरी. चिखलात गाडी चालवता येते म्हणून ती रानात घालायचीच असं नाही. वाफसा आलाय का ते आधी बघा. टाचेने माती उकरून मूठभर हातात घ्या, आवळा, हात उघडा, गोळा तसाच चिकटून राहिला आणि अंगठ्याने दाबल्यावर त्याची लांब पट्टी निघाली तर गाडी कडेलाच उभी राहू द्या. ओल्या जमिनीवरून भरलेली पिकअप गेली की खालची माती दाबून बसते, आणि घसरणारं चाक तर वरून लिंपल्यासारखा चकचकीत थर करतं ज्यातून पाणी मुरत नाही, त्या चाकोरीतलं पीक पुढे पिवळं पडलेलं लांबून ओळखू येतं. माझं मत विचाराल तर चिखलातले निम्मे प्रसंग असे असतात की दोन फेऱ्या डोक्यावरून केल्या असत्या तर लवकर झालं असतं. जायचंच असेल तर येताना-जाताना एकच चाकोरी धरा, सगळं रान तुडवू नका.

वजनाचं बघा. मागच्या ॲक्सलच्या पण मागे सगळं वजन रचलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग फिरवलं तरी तोंड वळत नाही आणि मग स्टॅबिलिटी कंट्रोल कितीही हुशार असलं तरी जमिनीला धरायला त्याच्याकडे काही उरत नाही. जड माल केबिनकडे सरकवून खाली ठेवा. फवारणीची टाकी असेल तर जास्तच सांभाळा, ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो, आणि अर्धी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, वळणावर ते पाणी एका बाजूला उसळतं आणि गाडीला ढकलतं. आत आडवे पडदे असलेली टाकी घ्या, नाहीतर पूर्ण भरून न्या आणि रिकामी करून आणा. मागे ट्रेलर जोडत असाल तर रस्त्यावर स्टॅबिलिटी बंद करायची नाही म्हणजे नाही, कारण ट्रेलर डुलायला लागल्यावर त्याला आवरणारी सोय ज्या गाड्यांत आहे ती ह्याच सिस्टीमवर चालते.

टायर चारही एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले ठेवा. एक टायर वेगळ्या मापाचा लावला तर तो वेगळ्या गतीने फिरतो, सेन्सरला वाटतं घसरतोय, आणि सरळ रस्त्यावर दिवा लुकलुकत बसतो, वर फोर व्हीलमध्ये गिअरबॉक्सवर ताण येतो तो वेगळाच. चिखलात-वाळूत हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि खूप फरक पडतो, बटणापेक्षा जास्त, पण हौद्यात वजन असेल तर जपून, आणि हवा भरायचा पंप सोबत नसेल तर करूच नका.

डांबरीवर परत येताना एक क्रम लावून घ्या. रस्त्याच्या तोंडाशी थांबा, डिफ लॉक काढा, टू व्हील करा (साधं पार्ट टाइम, म्हणजे गरजेपुरतंच लावायचं फोर बाय फोर असेल तर कोरड्या डांबरावर फोर हाय चालवायचं नाही, वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारा ट्रान्सफर केस आवळला जातो), ते बटण परत दाबून ऑफचा दिवा विझला का बघा, हवा भरा, दोन-तीनदा हलका ब्रेक मारून ब्रेक वाळवून घ्या. मी एकदा ह्यातलं फक्त बटण विसरलो. रिकामी गाडी, चाकांना चिखल, ओला रस्ता आणि साधंच वळण, स्पीड पण काही फार नव्हता, आणि मागचा भाग असा काही फिरला की मी आलो त्याच दिशेला तोंड करून उभा होतो. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून हे लिहायला बसलोय. रिकामी पिकअप मागून हलकी असते, ती भरलेल्यापेक्षा लवकर फिरते, हे त्या दिवशी कळलं. गाडी दुसरं कोणी चालवत असेल तर त्याला पण हे दाखवून ठेवा, चावी देताना नुसतं "सावकाश जा" म्हणून भागत नाही.

आणि संध्याकाळी गाडी धुताना वरून पाणी मारून मोकळे होऊ नका, चाकाच्या रिमच्या आतून चिखल काढा. तो वाळून एका बाजूला बसला की स्टेअरिंग थरथरतं, आणि सेन्सरवर गाळ चढला की एबीएस आणि स्टॅबिलिटीचे दिवे एकदम पेटतात. सेन्सर चाकाच्या मागे असतो, त्याची वायर बारीक असते, त्यावर प्रेशर वॉशरची धार जवळून मारू नका. सगळं स्वच्छ असून दिवा जात नसेल तर आधी वाकून ती वायर बघा, धान्याजवळ गाडी लावत असाल तर उंदराने कुरतडलेली असण्याची शक्यता बरीच, आणि नवा सेन्सर घ्यायच्या आधी हे बघितलेलं बरं.