आधी बूट, मग बंदूक

ऑक्टोबर लागला की मला फोन यायला लागतात. कधी भाचा, कधी त्याचा रूममेट, कधी मिलवॉकीच्या गणपतीत ओळख झालेलं एखादं नवं जोडपं. "आत्या, यंदा आम्हालाही न्या ना शिकारीला." आणि लगेच, श्वासही न घेता, "बंदूक कुठली घेऊ?"

बंदूक घेऊ नका. निदान पहिल्या वर्षी तरी. एकेकाला फोनवर हे सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते.

मी वॉसॉजवळ राहते, विस्कॉन्सिनच्या साधारण मध्यावर. एकोणीस वर्षं झाली. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथे बंदुकीने हरणं मारायचा सीझन सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. पाच लाखांहून जास्त माणसं परवाना काढतात. गणपतीला चाकरमानी जसा साहेबाला न जुमानता कोकणात जातो, तसं समजा. सोमवारी तुमचा मॅनेजर दिसला नाही तर कुठे गेला म्हणून विचारायचं नसतं. मंगळवारी आला की "मिळालं का?" एवढंच विचारायचं.

माझे आजोबा कुडाळकडचे. शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक माजघरात खुंटीला असायची. डुकरांनी भात उपटला की गडी जमायचे, हाकारा घालायचे, आणि संध्याकाळी वाटे पडायचे. आम्हा मुलींचा संबंध थेट पातेल्याशी. आजोबांच्या त्या बंदुकीला मी कधी हातही लावला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तिथली शिकार आटत गेली, आणि बरंच झालं, रानात उरलं होतंच किती! इथलं गणित उलटं आहे. हरणं इतकी की दर हिवाळ्यात रस्त्याकडेला मेलेली दिसतात. कुठल्या काउंटीत किती माद्या मारू द्यायच्या हे दरवर्षी ठरतं. परवान्याची फी, शिवाय रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के केंद्रीय कर, हा पैसा १९३७ च्या कायद्याने पुन्हा जंगलाच्या आणि जनावरांच्या कामी येतो. "तिथे पाप आणि इथे पुण्य कसं?" असं आईने फोनवर विचारलं तर हे सांगा. माझ्या आईला काही पटलं नाही, पण मटण मात्र तिने इथे आल्यावर खाल्लं.

आता व्हिसाचं नीट वाचा. इथे चूक झाली तर ती हरणावर भागत नाही.

एच-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूकच काय, एक काडतूसही जवळ बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मित्राबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन "फक्त एकच बार" काढणंही त्यातच आलं. या बंदीला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला आपल्या कामाचा एक: तुमच्या नावावर अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना असला पाहिजे. 'चालू' या शब्दाखाली दोन रेघा मारा. विस्कॉन्सिनचा वार्षिक परवाना ३१ मार्चला संपतो. म्हणजे नोव्हेंबरात हौसेने घेतलेली रायफल कपाटात ठेवून तुम्ही परवाना विसरलात, तर १ एप्रिलला सकाळी झोपेतून उठताना तुम्ही गुन्हेगार असता, आणि ही काही एप्रिल फूलची गंमत नव्हे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. त्यांनी बंदूक घेताना दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म खरा-खरा भरायचा. भाच्याने पैसे द्यायचे आणि काकाने आपल्या नावावर घ्यायची, हा आपला आवडता 'ॲडजस्ट' प्रकार तर बिलकूल नको. तोही केंद्रीय गुन्हा आहे. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. मला विचारू नका, मी नर्स आहे.

परवान्याआधी कोर्स लागतो. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र असल्याशिवाय परवाना मिळत नाही. पण एक पळवाट आहे आणि ती कायद्यानेच ठेवली आहे: मेंटर्ड हंटिंग. कोर्स न करता, कुणा जाणत्याच्या शेजारी बसून पहिला सीझन काढायचा. जाणता म्हणजे १८ वर्षांवरचा, स्वतः कोर्स केलेला, चालू परवाना असलेला. एका वेळी त्याने एकालाच शिकवायचं, आणि शिकणारा सतत त्याच्या हाताच्या अंतरावर हवा. हाक मारल्यावर ऐकू येईल अशा अंतरावर नाही, हात लांब केला की खांद्याला लागेल एवढ्या. वयाची अट २०१७ पासून नाही, फक्त १८ च्या आतल्या पोराला आईबापांची परवानगी लागते.

माझ्या मते घरच्या पोरांना शिकवायची याहून चांगली रीत नाही. म्हणून मी तिघाचौघांना एकदम नेत नाही. शनिवार एकाचा, रविवार दुसऱ्याचा. रुसतात, रुसू देत.

तर आता सामान. पहिली खरेदी बुटांची.

भाच्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा पहाटे उणे १२ होतं. सेल्सिअसमध्ये सांगतेय. पठ्ठ्या जीन्स आणि जिमचे बूट घालून आला, वर दोन हजार मैलांवरून मागवलेलं झाडाझुडपांच्या छापाचं महागडं जाकीट. सव्वासातला सूर्य नुकता वर आला होता तेव्हा त्याने मला खुणेने विचारलं, पायाची बोटं जाणवत नाहीत ते नॉर्मल आहे का. आठ वाजता आम्ही गाडीत हीटर लावून बसलो होतो. लक्षात घ्या, ही गडावर चढायची थंडी नाही, न हलता चार तास बसायची थंडी आहे. तेव्हा बूट आतून जाड अस्तराचे, जलरोधक, आणि एक नंबर मोठे, म्हणजे जाड लोकरी मोजा घातल्यावरही बोटं हलतील. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्तच फिरत नाही. मोजा लोकरीचाच. सुती काहीही नको, बनियनसुद्धा. चालताना घाम येतो, सूत तो धरून ठेवतं, आणि बसल्यावर तोच घाम तुम्हाला गोठवतो. मी जाकीट पाठीला बांधून, कुडकुडत चालत जाते आणि मचाणाखाली पोचल्यावर अंगात घालते. लोक हसतात. दहा वाजता तेच लोक गाडीकडे जाताना दिसतात.

दुसरी खरेदी भडक नारंगी जाकिटाची. कमरेवरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी भडक नारंगी किंवा भडक गुलाबी हवा, टोपी घातलीत तर तीही निम्मी. गुलाबी २०१६ पासून चालतं, बायकांनी यावं म्हणून असं तेव्हा सांगितलं गेलं. मला ते वाचून हसू आलं होतं. मी नारंगीच घालते. हरणाला दोन्ही रंग ठळक दिसत नाहीत, माणसाला दिसतात, आणि मुद्दा माणसाचाच आहे.

तिसरी, मचाणावर चढणार असाल तर अंगाला बांधायचा पट्टा. जमिनीवरून पाय उचलायच्या आधी बांधायचा, वर पोचल्यावर नव्हे. आमच्या इमर्जन्सीत नोव्हेंबरात येणारे शिकारी गोळी लागून क्वचितच येतात, मचाणावरून पडून येतात. म्हणून नवख्याला मी पहिल्या वर्षी जमिनीवरच बसवते. दोन घड्या घालायच्या खुर्च्या, मागे जाड झाड.

बंदुकीचं एवढंच सांगते की मुलांना मोठ्यांची देऊ नका. ही चूक माझी आहे. धाकटी भाची तेरा वर्षांची होती तेव्हा मी माझी थ्री-नॉट-एट रायफल तिच्या हातात दिली. दस्ता तिला लांब पडत होता, मान पुढे काढून तिने स्कोपला डोळा लावला, चाप ओढला आणि स्कोपची कड तिच्या भुवईवर आदळली. दोन थेंब रक्त आलं, पण पुढे प्रत्येक बाराआधी तिचे डोळे आपोआप मिटायला लागले. ते घालवायला पुरा उन्हाळा गेला, हलकी पॉइंट टू-टू रायफल आणि डालड्याएवढे रिकामे डबे. आता मी आधी मोजते: दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या खोबणीत ठेवायचं, बोट चापापर्यंत सहज पोचलं पाहिजे. तिला मग आखूड दस्त्याची टू-फॉर्टी-थ्री घेतली. धक्का कमी आणि हरणाला पुरेशी. कानांना मफ, डोळ्यांना चष्मा, आणि गोळ्या तांब्याच्या. शिशाचे कण मटणात लांबवर पसरतात, आणि ते मटण पोरंच खाणार असतात.

घाई नसेल तर हरणाच्याही आधी खारीपासून सुरुवात करा. सप्टेंबरच्या मध्यापासून चालतं. वॉसॉत आग्नेय आशियातून आलेल्या ह्मोंग लोकांची मोठी वस्ती आहे, आणि खारीच्या शिकारीत त्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही. मला शेजारच्या ह्मोंग काकांनीच शिकवलं: ओकच्या झाडाखाली वीस मिनिटं गप्प बस, मग वर बघ. आपल्याकडे खार म्हटलं की रामाची बोटं आठवतात, मान्य. ज्यांना जमत नाही त्यांनी नुसतं बसायला यावं, गप्प बसणं हा निम्मा कोर्स आहे.

जागेचं. सरकारी जंगल भरपूर आहे, उत्तरेला एकट्या शेकवॉमेगॉन-निकोलेचं क्षेत्र १५ लाख एकर. खासगी जमिनीवर मात्र पाटी नसली तरी मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. विचारायला ऑगस्टमध्ये जा, दिवसाउजेडी, पोरांना घेऊन. मी चिवड्याचा डबा नेते. नोव्हेंबरच्या अंधारात अनोळखी गाडी आणि अनोळखी सावळा चेहरा बघून कुणी तुटक बोललं तर वाद घालू नका, निघून या. मला एकदा एका शेतकऱ्याने दारातूनच परत पाठवलं होतं. त्याच्या शेजाऱ्याने आत बोलावून कॉफी दिली, आणि गेली अकरा वर्षं आम्ही त्याच्याच ओकच्या रानात बसतो.

तिथेच भाचीचा दुसरा सीझन. सकाळचे आठ. सुक्या पानांत खार धावली तरी हरीणच आलं असं वाटतं, तसं दहा वेळा वाटून झालं होतं. मग खरंच एक मादी आली, ऐंशी यार्डांवर, चढाच्या अगदी माथ्यावर उभी राहिली. आडवी. खांद्यामागची जागा मोकळी. भाचीने रायफल उचलली, मला सेफ्टीचा खटका काढल्याचा टक आवाज आला. तिचा श्वास धुरासारखा बाहेर पडत होता, मग तो थांबला. माझा हात तिच्या पाठीपासून वीतभर. मी मोजत होते, एक, दोन, तीन, चार. पुन्हा टक. सेफ्टी परत लागली. "आत्या, तिच्या मागे नुसतं आभाळ आहे," ती पुटपुटली. चढापलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. पलीकडे तो रस्ता आहे ज्यावरून शेतकऱ्याची सून मुलांना घेऊन जाते. मादीने पांढरी शेपटी उभी केली आणि गेली. मी काही बोलले नाही, थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला. त्या वर्षी आम्हाला काहीच मिळालं नाही.

मिळालं तर मात्र खरं काम पुढे असतं. बार लागला की लगेच धावू नका, अर्धा तास घड्याळ लावून बसा, नाहीतर जखमी जनावर दोन मैल पळतं. मग माग काढायचा, रक्त आणि केस बघत. पोट साफ करायला चार इंचांचं पातं पुरतं, ते फिल्मी सुरे दुकानातच राहू द्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन नोंद करायची. आणि तपासणी चुकवू नका: २००२ मध्ये इथल्या हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग सापडला, तो पसरत चाललाय. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण रोगी हरणाचं मटण खाऊ नका असा सल्ला आहे. डोकं ठरलेल्या पेटीत ठेवायचं, तपासणी फुकट. निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्ये, वर नंबराची चिठ्ठी.

हरणाची चरबी सगळी काढून टाका, मेणासारखी टाळूला चिकटते. पायाचं मटण कुकरला, मालवणी मसाला आणि शेवटी दोन सोलं. पाठीचा मऊ तुकडा मात्र आपल्या सवयीने शिजवत बसू नका, रबर होतं. तव्यावर दोन-दोन मिनिटं, बस.

शेवटचं, आणि हे डिसेंबरात भारतात जाणाऱ्या सगळ्यांसाठी. शिकारीला वापरलेली सॅक विमानात नेऊ नका. अस्तरात राहिलेल्या एका काडतुसापायी मुंबई विमानतळावर शस्त्र कायद्याखाली अडकता येतं, लग्नाचा मुहूर्त कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी भाचा निघायच्या आदल्या रात्री मी त्याची सॅक स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलटी केली. हातमोजा एक, चिक्कीचे कागद, वाळलेली ओकची फळं. रिकामी झाली असं म्हणून तो चेन लावायला लागला, तेवढ्यात मी ती धरून हलवली आणि आत कुठेतरी काहीतरी वाजलं. शिवण उसवून बघितलं तर टू-फॉर्टी-थ्रीचं काडतूस, पितळ अजून चकचकीत.

"हे माझं नाही, आत्या," तो म्हणाला. भाचीने कानांवर हेडफोन चढवले.