ओठावर जर मुतला? चुरचुर सुरू होते त्या दिवशीच काय करायचं ते

ओठाच्या कडेला एकाच जागी चुरचुरायला लागतं, जरा ताणल्यासारखं वाटतं, हात सारखा तिकडेच जातो आणि दुसऱ्या दिवशी आरशात बघावं तर बारीक बारीक पाण्याच्या फोडांचा पुंजका. आमच्याकडे ह्याला जर (म्हणजे ताप) मुतला म्हणतात, कुणी ताप मुतला म्हणतं, कुणी म्हणतं रात्री झुरळ चाटलं. मला कॉलेजपासून वर्षातून दोन-तीनदा होतं, तापानंतर, पाळीच्या आधी, आणि उन्हात भटकून आले की हमखास. त्यामुळे डॉक्टरांना विचारून विचारून आणि स्वतः चुका करून जे शिकले ते सगळं इथे लिहितेय.

झुरळाचा काही संबंध नाही. हा व्हायरस आहे, हर्पिस सिम्प्लेक्स टाइप १. नाव ऐकून घाबरू नका आणि लाजू तर अजिबात नका, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ५० वर्षांखालच्या साधारण ३८० कोटी लोकांच्या अंगात तो आहे, म्हणजे तिघांतल्या जवळपास दोघांच्या, आणि खूप जणांना तो लहानपणीच कुणीतरी पापा घेतल्यावर मिळालेला असतो. बऱ्याच जणांना आयुष्यभर कळतही नाही. एकदा आत गेला की चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी झोपून राहतो, आणि ताप, कडक ऊन, जागरण, टेन्शन असं काही झालं की त्याच नसेवरून परत ओठापर्यंत येतो, म्हणून दरवेळी जवळजवळ तीच जागा. कायमचा घालवणारं औषध अजून नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोड येण्याआधीची जी चुरचुर असते ना, काही तासांची किंवा फार तर दिवसभराची, तीच आपली वेळ. अ‍ॅसायक्लोव्हिर ह्या व्हायरसवरच्या औषधाचं ५ टक्के क्रीम तेव्हाच लावायला घ्यायचं, दिवसातून ५ वेळा, साधारण दर चार तासांनी, चार-पाच दिवस. खरं सांगायचं तर क्रीमने फार तर अर्धा-एक दिवस वाचतो, आणि फोड फुटून गेल्यावर लावलं तर तेवढाही नाही. मी आधी काय करायचे, खपली धरल्यावर मेडिकलमध्ये जायचे आणि मग क्रीमला नावं ठेवायचे! ज्यांना वारंवार होतं त्यांनी डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन ट्यूब घरात ठेवावी, एक्सपायरी बघून. व्हायरसवरच्या गोळ्या क्रीमपेक्षा बऱ्या चालतात, त्यात एका दिवसात संपणारा कोर्सही असतो, पण त्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच, किडनीचा त्रास असेल तर डोस बदलावा लागतो.

क्रीम लावायच्या आधी हात धुवा, लावून झाल्यावर परत धुवा, आणि चोळू नका, नुसतं टेकवा, शक्यतो कानात घालायच्या कापसाच्या काडीने. दुखत असेल तर बर्फ स्वच्छ रुमालात गुंडाळून ५-१० मिनिटं धरायचा, मला ह्यानेच सगळ्यात जास्त आराम पडतो. पॅरासिटामॉल चालते. खपली धरली की ती कोरडी पडून हसताना, जांभई देताना तडकते आणि रक्त येतं, म्हणून व्हॅसलीनचा पातळ थर द्यायचा, पण बोट थेट डबीत घालायचं नाही आणि ती डबी घरात दुसऱ्या कुणी वापरायची नाही. खपली सोलायची नाही, कितीही हात शिवशिवला तरी. ठेचा, लिंबू, लोणचं चार दिवस बंद, प्रचंड झोंबतं. काही नाही केलं तरी ७ ते १० दिवसांत आपोआप बरं होतं.

काय लावायचं नाही तेही सांगते, कारण लोक काहीही सुचवतात. टूथपेस्ट, चुना, लिंबू, ह्याने कातडी भाजते आणि जखम वाढते. आणि मेडिकलमध्ये नुसतं 'ओठावर काहीतरी उठलंय' म्हटलं की कधीकधी स्टेरॉइड असलेली मिक्स क्रीम हातात देतात, ती घेऊ नका, त्याने व्हायरसला उलट मोकळं रान मिळतं. तोंड आल्यावर बी-कॉम्प्लेक्स घेतात तशी इथेही घेतात, पण तोंड येणं वेगळं. ते तोंडाच्या आत, गालाला, जिभेला, आणि पसरत नाही. ओठांचे कोपरे चिरतात तेही वेगळं.

हे मात्र पसरतं, चुरचुर सुरू झाल्यापासून खपली पडून खाली नवी कातडी येईपर्यंत. तोवर टॉवेल, ग्लास, चमचा, लिपस्टिक वेगळं, उष्टं द्यायचं-घ्यायचं नाही, चुंबन नाही आणि ओरल सेक्सही नाही, कारण त्यातून खालीही लागण होते. पार्लरमध्ये अप्पर लिप आणि डेंटिस्टची साधी अपॉइंटमेंट पुढे ढकला, दाढी करत असाल तर त्या जागेवरून रेझर फिरवू नका. कुस्ती खेळणाऱ्यांनी तर आखाड्यात उतरूच नये, अंगाला अंग घासून हा व्हायरस एकमेकांना लागतो. ओठाला हात लावून तोच हात डोळ्याला लावणं सगळ्यात वाईट, कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी विशेष जपा.

परत परत होऊ नये म्हणून मला उपयोग झाला तो उन्हापासून वाचवणाऱ्या एसपीएफ ३० च्या लिप बामचा. कोकणात समुद्रावर जाताना, मे महिन्यातल्या लग्नांना, आधीच लावायचा आणि दर दोन तासांनी परत. कशाने उठतं ते प्रत्येकाचं वेगळं असतं, तारखा लिहून ठेवल्या की दोन-तीन वेळांत आपलं आपल्याला कळतं.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना तर घरगुती काही नाही, त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. दोन आठवड्यांत बरं नाही झालं, वर्षातून सहापेक्षा जास्त वेळा उठलं, एक्झिमावर (इसबावर) पसरलं, कॅन्सरची किमो चालू आहे, एचआयव्ही आहे, किंवा गरोदर आहात, तरी दाखवून घ्या. लहान मुलाला पहिल्यांदाच ताप येऊन तोंडभर फोड, हिरड्या सुजलेल्या आणि पाणीसुद्धा पित नाही असं असेल तर थांबू नका, अंगातलं पाणी कमी होतं.

आणि तान्ही बाळं. पहिल्या काही आठवड्यांत बाळाला हा व्हायरस लागला तर जिवावर बेतू शकतं, मेंदूपर्यंत जातो. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडलंय, ताप आहे किंवा अंगावर फोड दिसले तर सरळ हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी. माझ्या बहिणीच्या मुलीचं बारसं होतं आणि आदल्या रात्री माझा ओठ चुरचुरायला लागला. मी तिला सकाळीच फोन करून सांगितलं, हॉलमध्ये गेले, वाढायलाही उभी राहिले नाही, पाळण्याजवळ गेले नाही. मावशीच लांब बसलीय म्हणून काकू, आत्या सगळ्या विचारत होत्या, बहिणीने प्रत्येकीला नीट समजावून सांगितलं. खपली पडून कातडी नवी आल्यावर, बारशानंतर बाराव्या दिवशी, मी तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं.