जुनं पिनबॉल मशीन घेताय? आधी बॅटरी बघा

मशीन चालू होतं, लाईट लागतात, म्हणून आपण खूश होऊन पैसे देतो आणि घरी आल्यावर कळतं की आतला सर्किट बोर्ड सडलाय. १९८०-९०च्या मशीनमधे हे फार होतं, कारण हाय स्कोर लक्षात ठेवायला मेन बोर्डवरच सेल असतात आणि ते लीक झाले की त्यांच्यातलं रसायन खालच्या ट्रॅकवर, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या रेषांवर उतरतं.

१. विकणाऱ्याला मागचा उभा बॉक्स उघडायला सांगा. नाही म्हणाला तर सरळ निघा.
२. टॉर्च मारून सेलच्या आसपास बघा, हिरवट किंवा पांढरी पावडर दिसली तर किंमत भरपूर कमी करून घ्या. आयसीचे (चिप बसवतात ते) सॉकेट काळे पडलेत का तेही बघा, लोक सेल बदलून वरवर पुसून ठेवतात.
३. घरी आणल्यावर जुने सेल काढा, डाग पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पूर्ण वाळू द्या.
४. नवे सेल वायरवाल्या होल्डरमधे घालून बोर्डपासून लांब, खालच्या बाजूला बसवा, परत लीक झाले तरी बोर्ड वाचतो.

हात घालण्याआधी प्लग काढाच, नुसतं स्विच बंद करून भागत नाही, आणि डिस्प्लेच्या हाय व्होल्टेज भागाला तरीही लगेच हात लावू नका.