कोळसा खाण बंद होते तेव्हा कामगारांच्या केसेस कशा चालतात, नवीन वकिलांसाठी माझा अनुभव

लेबर लॉमध्ये नवीन आलेली मुलंमुली बऱ्याचदा विचारतात की खाणबंदीच्या केसेसचा अभ्यास कुठून सुरू करायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी विदर्भातल्या कोळसा पट्ट्यातल्या कामगारांच्या बाजूने उभी राहते, आधी समेटाच्या बैठका आणि तिथे नाही मिटलं तर नागपूरचं केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरण. कोळसा खाणीचा वाद केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे राज्याच्या लेबर ऑफिसात अर्ज टाकून महिने घालवू नका. पीएफचंही तसंच, खाण कामगाराचा पीएफ साधारणपणे १९४८ च्या कोळसा खाणींसाठीच्या वेगळ्या कायद्याखाली असतो, नेहमीच्या पीएफ ऑफिसात चकरा मारून काही हाती लागत नाही.

सुरुवातीला मी स्वतः गोंधळले होते ते 'माइन क्लोजर' या शब्दावर. समेटाच्या बैठकीत मॅनेजमेंटने जाडजूड माइन क्लोजर प्लॅन टेबलावर ठेवला, मंजुरीचा शिक्का वगैरे सगळं, आणि मला वाटलं परवानगी तर आहेच यांच्याकडे, आता बोलायचं काय. पण तो प्लॅन कोळसा मंत्रालयाच्या २००९ पासूनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खड्डे भरणं, झाडं लावणं, त्यासाठी एस्क्रो खात्यात (म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात) पैसे ठेवणं यासाठी असतो. कामगार कायद्यातली परवानगी पूर्ण वेगळी, ती तेव्हा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम २५-ओ ची. मालकाने ९० दिवस आधी अर्ज करायचा, सरकारने ६० दिवसांत काहीच कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात, आणि परवानगी न घेताच बंद केलं तर ती बंदी बेकायदेशीर, कामगाराला खाण चालू असल्यासारखे सगळे हक्क मिळतात. हे कलम सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये एक्सेल वेअर केसमध्ये रद्द केलं होतं, मग संसदेने ते बदलून परत आणलं आणि २००२ मध्ये ओरिसा टेक्स्टाइलच्या केसमध्ये घटनापीठाने ते वैध ठरवलं. हे दोन्ही निकाल एकापाठोपाठ वाचा, मालकाचा धंदा बंद करायचा हक्क कुठवर जातो ते तिथेच नीट कळतं.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय आणि परवानगीची अट १०० ऐवजी ३०० कामगारांवर गेलीय. मला हा बदल कामगारांसाठी फार वाईट वाटतो, कारण छोट्या भूमिगत खाणी यातून सरळ बाहेर पडतात. त्यामुळे फाइल हातात आली की आधी बंदीची तारीख बघा, कुठला कायदा लागणार ते त्यावर ठरतं, आणि मागच्या बारा महिन्यांची सरासरी कामगारसंख्या स्वतः मोजा, मॅनेजमेंटच्या तक्त्यावर विसंबू नका. समेट फसला तर नव्या कायद्यात थेट ट्रिब्युनलकडे अर्ज करता येतो पण ९० दिवसांच्या आत, ही मुदत डायरीत लाल पेनाने लिहून ठेवा.

"कोळसाच संपला, आम्ही काय करणार" हे वाक्य प्रत्येक केसमध्ये ऐकाल. जुन्या कायद्यातलं कलम २५-एफएफएफ उघडून दाखवायचं, खनिज संपणं ही भरपाई कमी करायची सबब होत नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मालक सुटतो कधी, तर बंदीच्या दिवसापासून त्याच पगारावर, त्याच अटींवर, सेवा न तुटता दुसरं काम दिलं तर.

पण माझ्या मते या केसेस जिंकल्या जातात हजेरीवर. एका बदली कामगाराला (कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी येणारा) कंपनीने सांगितलं की तुझे वर्षात २४० दिवस भरत नाहीत, २०३ च आहेत, सलग सेवा नाही म्हणून भरपाई नाही. माझ्या सीनियरनी त्याला एवढंच विचारलं, "दादा, काम वर होतं की खाली?" त्याने खिशातून एक चोपडी काढली, घामाने पानं चिकटलेली, प्रत्येक तारखेसमोर शिफ्ट आणि पुढे 'खाली' नाहीतर 'वर' असं लिहिलेलं. २०३ पैकी १९६ दिवस 'खाली'. भूमिगत कामगारासाठी कायद्यात २४० नाही, १९० दिवस आहेत! बेअर अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे कायद्याच्या मूळ मजकुरात, कलम २५-बी मी चारदा वाचलं होतं तरी ही ओळ माझ्या नजरेतून सुटली होती. नुसत्या चोपडीवर कोर्ट विश्वास ठेवत नाही म्हणून आम्ही लॅम्प रूमचं रजिस्टर मागवलं, कारण खाली उतरणारा प्रत्येक जण कॅप लॅम्प घेऊनच उतरतो आणि त्याची नोंद होते, शिवाय तेव्हाच्या खाण कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे भूमिगत कामगारांचं वेगळं रजिस्टर ठेवावंच लागायचं. तारखा जुळल्या आणि कंपनीचा तो मुद्दा तिथेच पडला.

भरपाईचा हिशोब दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, ग्रॅच्युइटी वेगळी. फुल अँड फायनलच्या कागदावर दोन्ही एकाच आकड्यात दाखवले असतील तर सही करू देऊ नका, वेगवेगळ्या ओळी मागा.

सरकारी कंपनी असेल तर कायम कामगारांची बहुतेक वेळा दुसरीकडे बदली होते, त्यांचे वाद सीनियॉरिटीचे, क्वार्टरचे, पदाचे. खरा फटका ठेका कामगारांना बसतो. सुप्रीम कोर्टाच्या २००१ च्या स्टील अ‍ॅथॉरिटी निकालानंतर ते आपोआप कंपनीचे होत नाहीत, ठेका फक्त कागदावरचा होता हे पुराव्याने दाखवावं लागतं, म्हणजे रजा कोण देत होतं, काम कोण सांगत होतं, गेटपास कोणाच्या सहीचा होता.

आणि रजिस्टर मागवायचा अर्ज पहिल्याच तारखेला टाका. खाण बंद झाली की सामान हलतं, कागद कुठल्यातरी गोडाऊनमध्ये जातात, दोन पावसाळे गेले की पानं उलटतही नाहीत.