नखं खाणं सोडायचंय? आधी घरातला ओरडा थांबवा

तीस वर्षं मी नखं खाल्ली. उजव्या अंगठ्याचं तर इतकं, की कडेचं कातडं सोलून रक्त यायचं आणि सही करताना पेन टोचायचं. "काढ तो हात!" असं आई ओरडली की हात निघायचा, पाच मिनिटांत पुन्हा तोंडात. कडू नेलपॉलिशही लावून पाहिलं. त्या चवीचीसुद्धा सवय झाली.

तुम्ही सुरुवातीला आठवडाभर काहीच सोडू नका. हात तोंडाकडे गेला की फक्त लिहा: कुठे, समोर कोण, काय चाललं होतं. माझ्या वहीतल्या सतरा नोंदींपैकी बारा "फोन वाजला", "साहेबांनी बोलावलं" अशा निघाल्या. मी समजत होते कंटाळा, निघाली धास्ती. ताण आला की माणूस विचार बाजूला ठेवून सवयीवर जातो, हे श्वाबे आणि वुल्फ या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रयोगातून दाखवलंय. मग ओरडून काय साधणार? तो आणखी एक धसका.

आता सगळ्यात अवघड काम. एका माणसाला विश्वासात घ्या. मी नवऱ्याला सांगितलं, "दिसलं तरी बोलू नकोस. वही मीच दाखवेन." पहिल्यांदा दाखवली तेव्हा माझे कान तापले होते. त्याने पान वाचलं, "शुक्रवार जड गेला वाटतं," म्हणाला आणि वही परत दिली. बस्स. त्यानंतर घरात तरी मी बोटं लपवली नाहीत. (भीती घरातल्याच माणसाची असेल तर मात्र समुपदेशक गाठा, वहीने भागणार नाही.)

मग हाताला दुसरं काम द्या. अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलेली ही पद्धत: हात उचलला गेला की मूठ मिटायची आणि तशीच धरून ठेवायची. मी मिनिटभर धरायचे, सोबत श्वास सावकाश सोडायचे. त्याने छातीतली धडधड उतरते. टेबलाखाली कुणाला कळतही नाही. नखांच्या कडा घासून गुळगुळीत ठेवा, खरखरीत टोक लागलं की दात शिवशिवतात.

मधे एखादा दिवस वाया जाईल. जाऊ दे. नवी सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागू शकतात, असं लंडनमधल्या ९६ जणांच्या अभ्यासात दिसलं. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नव्हतं.

पाचव्या महिन्यात अंगठ्याचं नख कापायची वेळ आली. डाव्या हाताने नेलकटर धरायचं कसं, हेच मला येत नव्हतं.